मिसळीचे वाचक, नळाचे वाचक

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका साठी ओलांडलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, कोथरूडला राहणाऱ्या आहेत. लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं. २०१७ पासून त्या गूगलच्या 'ब्लॉगर' या ब्लॉग-सेवेवर जुन्या पुण्याबद्दल मराठीत लिहितात. वाडे, हौद, पासोड्या विठोबापासून जिलब्या मारुतीपर्यंतची देवांची नावं, असे विषय. मागच्या दिवाळीत भाच्याने ब्लॉगला गूगल अ‍ॅनालिटिक्स हे वाचक मोजणारं साधन जोडून दिलं आणि तेव्हापासून त्यांचं स्वास्थ्य गेलं. आधी रोज दोनशेच्या आसपास आकडा दिसायचा, आता ऐंशी-नव्वद. सहज म्हणून लिहिलेला मिसळीवरचा लेख ११,००० वेळा उघडला गेला आहे. वर्षभर पायपीट करून लिहिलेल्या कात्रजच्या नळावरच्या (पुण्याला पाणी आणणारा पेशवेकालीन भुयारी नळ) पाच भागांचे आकडे मात्र २९०, २४५, २१०, ६० आणि ५५. भाचा म्हणतो, "मावशी, लोकांना काय हवंय ते दिसतंय ना? आठवड्याला एक खाण्यावरचा लेख टाक." यजमान म्हणतात, काढून टाक ते मीटर. सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर आकडे बघायची सवय लागली आहे आणि आकडा खाली असला की त्या दिवशी लिहायला हात उचलत नाही. त्या विचारतात: लोकांना नको असलेलंच मी लिहीत बसले आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून हिशेबापासून सुरुवात करते. दिवाळीआधी दोनशे, दिवाळीनंतर नव्वद, म्हणजे वाचक निम्म्याहून कमी झाले, असं तुम्ही धरून चाललात. पण दिवाळीत बदललं काय? भाच्याने माप बदललं. ब्लॉगरचा स्वतःचा आकडा म्हणजे पान किती वेळा उघडलं. त्यात शोधयंत्रांचे फिरते रोबो येतात, आणि तुम्ही स्वतः 'माझी वाचने मोजू नका' ही सोय चालू केली नसेल तर तुम्हीही येता. प्रतिसाद आलाय का हे बघायला तुम्ही दिवसातून किती वेळा डोकावत होतात, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. अ‍ॅनालिटिक्सचं काम उलट्या बाजूने चालतं. वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्राम चालतो आणि तो कळवतो की कोणी आलं. ओळखीचे रोबो तो गाळतो. ज्यांनी जाहिराती अडवणारं काही बसवलंय त्यांच्यापैकी बरेच जण मात्र त्याच्या नजरेतून सुटतात. म्हणजे एक माप वर मोजतं, दुसरं खाली. पायलीने मापलेले तांदूळ किलोच्या काट्यावर घालायचे आणि कमी भरले म्हणून वाण्याशी भांडायचं, तसं झालं हे.

मला आणखी एक शंका आहे. आधीचा आकडा 'वाचनां'चा असणार आणि आताचा 'वापरकर्त्यां'चा. एकाच माणसाने पाच लेख वाचले की वाचने पाच, माणूस एक. तोच माणूस दुपारी ऑफिसच्या संगणकावरून आणि रात्री मोबाईलवरून आला की माणसं दोन. आणि घरातल्या एका टॅबवर आजी-आजोबा दोघं वाचत असतील तर दोघं मिळून एक! ब्लॉगरचा जुना आकडा अजूनही त्याच्या जागी आहे. तो उघडा आणि दिवाळीआधीचे तीन महिने व नंतरचे तीन महिने त्याच एका मापाने ताडून बघा. मग काय दुःख करायचं ते करा.

आता मिसळीकडे वळू. त्या लेखावर वाचक सरासरी पस्तीस सेकंद थांबतात आणि नळाच्या पहिल्या भागावर जवळजवळ चार मिनिटं, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. भाच्याने त्यातून काढलेला अर्थ (मिसळ लोकप्रिय, नळ कंटाळवाणा) माझ्या पचनी पडत नाही. तसा याच्या अगदी उलटा अर्थही पडत नाही. मी तरुणपणी काही वर्षं एका वाचनालयात काम करत होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. आमची आकडेवारी तेवढीच. चिठ्ठी भरली की पुस्तक 'चालतं'. पण काल नेलेलं पुस्तक आज सकाळी परत आलं तर ते रात्रभर जागून संपवलं की दहा पानांत टाकून दिलं, हे शिक्का सांगायचा नाही. ते काउंटरवरच्या माणसाला नेणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. एक गृहस्थ एकच जाड चरित्र दर पंधरा दिवसांनी नव्याने नोंदवून न्यायचे. आमच्या हिशेबी त्या पुस्तकाला प्रचंड मागणी.

मिसळीच्या लेखाला पस्तीस सेकंद पुरतात. रविवारी सकाळी कोणीतरी रस्त्यात उभं आहे, त्याला दुकानाचा पत्ता हवाय, तो मिळाला, माणूस गेला. त्याचं काम झालं. चार मिनिटंवाला वाचतो आहे हे खरं, पण चहा उकळतोय म्हणून मोबाईल तसाच ओट्यावर उघडा ठेवून गेलेलाही त्यात असू शकतो. जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तर याहून गंमत होती. दोन टिचक्यांमधलं अंतर काढून ते वेळ ठरवायचं, त्यामुळे एकच लेख सात मिनिटं मन लावून वाचून निघून गेलेल्या माणसाचा वेळ शून्य धरला जायचा. ते २०२३ च्या जुलैत बंद झालं. आताचं पान खरोखर समोर उघडं आहे तेवढाच वेळ धरतं, आणि भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली किंवा दोन पानं उघडली गेली की तिला 'गुंतलेली' भेट म्हणतं. दहा सेकंद! तेवढ्यात तुमच्या लेखातलं पहिलं वाक्यही संपत नाही (तुमची वाक्यं लांब असतात, हे ओघात आलं म्हणून सांगते). त्यापेक्षा त्यात 'स्क्रोल' नावाची एक नोंद असते, ती बघा. वाचक पानाच्या नव्वद टक्के खाली पोचला की ती होते. नळाच्या लेखात किती जण तळापर्यंत गेले हे त्यातून बरंचसं कळेल.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पत्रासोबत तुम्ही ब्लॉगचा दुवा दिला होता. मी नळाचे पाचही भाग वाचायला बसले. २९०, २४५, २१०. भाग वाढतात तसे थोडे थोडे वाचक गळतात, हे कुठल्याही मालिकेत होतंच. पण २१० वरून एकदम ६०? लोकांचा कंटाळा असा एका रात्रीत येत नाही, तो हळूहळू येतो. असा कडा दिसला की तिथे बहुतेक वेळा रस्ताच तुटलेला असतो. तुमचा तिसरा भाग या वाक्यावर संपतो: "नळाचे उच्छ्वास आपण पुढच्या भागात पाहू." (उच्छ्वास म्हणजे भुयारी नळावर बांधलेले हवेचे झरोके.) आणि खाली काही नाही. पहिल्याच्या शेवटी दुसऱ्याचा दुवा आहे, दुसऱ्याच्या शेवटी तिसऱ्याचा. तिसऱ्याच्या शेवटी चौथ्याचा नाही, कारण चौथा तुम्ही चार महिन्यांनी लिहिलात आणि तो जोडायचा राहिला. मलाही तो बाजूच्या महिन्यांच्या यादीत शोधावा लागला, तोही मी हटून बसले म्हणून. दीडशे माणसं तिसऱ्या भागाच्या दारात उभी राहिली आणि पुढे जिना नाही म्हणून परतली. त्यांना उच्छ्वास नको होते असं तुम्ही आणि भाचा मिळून ठरवून टाकलंत.

आकड्यांचा माझ्या लेखी खरा उपयोग हा. वाचक कुठे अडखळला, कुठून माघारी गेला, कुठला दरवाजा त्याला सापडला नाही, हे ते दाखवतात. लिहिलेलं दुरुस्त करायला ते फार चांगले. काय लिहावं हे मात्र त्यांना विचारू नये, कारण तुम्ही आजवर जे लिहिलंत त्याचेच आकडे त्यांच्याकडे आहेत.

भाच्याचा सल्ला तरीही उडवून लावत नाही. तो तुमच्या काळजीने बोलतोय आणि त्याचं अर्धं बरोबर आहे. ११,००० वेळा कोणीतरी तुमच्या दारापर्यंत आलं, ही मोठी गोष्ट आहे. पण दर आठवड्याला खाण्यावर लिहायला लागलात तर कुणाशी स्पर्धा आहे ते बघा: नकाशातली परीक्षणं, चित्रफिती काढणारी पोरं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या. दुकान बंद झालं, भाव वाढले की लेख शिळा. त्या रांगेत तुम्ही शंभरावी असाल. १७५० च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत दगडी भुयारी नळ कसा आणला, ते पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत कसं खेळवलं, हे मराठीत, पायी हिंडून, फोटोसकट लिहिणारे असून असून किती असणार? आणि तो लेख शिळा होत नाही.

मग मिसळीच्या गर्दीचं काय करायचं? तिला तुमच्या घराची वाट दाखवा. लेख नव्याने उघडा आणि पत्ते झाले की मध्येच, तळाशी नाही, एक वाक्य घाला: या दुकानापासून दोन मिनिटांवर अमुक हौद होता, त्याची गोष्ट इथे. दुवा द्या. तळाशी 'हेही वाचा' म्हणून दिलेलं कोणी बघत नाही, कारण पत्ता मिळालेला माणूस तळापर्यंत येतच नाही. शंभरातले दोन जण जरी वळले तरी ११,००० मागे नळाला २२० मिळतील. वळले नाहीत तर एका वाक्याचं नुकसान.

शीर्षकांबद्दल थोडं कडवट बोलते. "पाऊलखुणा पाण्याच्या – ४". सुंदर आहे, पण गूगलवर हे शब्द कोण टंकणार? गूगल सर्च कन्सोल नावाची एक फुकट सोय आहे. ती भाच्याकडून जोडून घ्या. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान यादीत दिसलं, किती वेळा दिसलं आणि कितींनी टिचकी मारली, हे ती सोळा महिन्यांपर्यंतचं दाखवते. माझ्या मते तुमच्यासारख्या लेखकाला अ‍ॅनालिटिक्सपेक्षा हे जास्त उपयोगाचं, कारण इथे आकड्यासोबत वाचकाचे स्वतःचे शब्द येतात. कोणी 'शनिवारवाडा' जोडून लिहितं, कोणी तोडून, कोणी रोमन लिपीत. 'नळ' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पेशवाई येते, पण आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे प्लंबर. जिथे पान खूप वेळा दिसलंय आणि टिचक्या जेमतेम आहेत, तिथे शीर्षक आपलं काम करत नाही असं समजा. "कात्रजचा नळ: पेशव्यांनी पुण्यात पाणी कसं आणलं" असं नाव द्या आणि पाऊलखुणा खाली उपशीर्षकात ठेवा. ब्लॉगरवर शीर्षक बदललं तरी लेखाचा पत्ता बदलत नाही, त्यामुळे जुने दुवे तुटायची भीती नको.

पत्त्यावरून आठवलं. देवनागरी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा टाकतो. म्हणून अ‍ॅनालिटिक्सच्या यादीत तुम्हाला कुठला लेख कुठला ते कळत नव्हतं. ही तक्रार पत्रात होतीच. यादीच्या वरच पत्त्याऐवजी 'पानाचं शीर्षक' निवडता येतं. यापुढचे लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी उजवीकडच्या पट्टीत रोमन लिपीतला साधा पत्ता स्वतः टाका. जुने आहेत तसे राहू द्यात.

तुमचा मोठा वाचकवर्ग, मला वाटतं, तुम्हाला दिसतच नाही. व्हॉट्सॲपवरच्या दुव्यावरून येणारा वाचक आपण कुठून आलो याची चिठ्ठी बहुधा बरोबर आणत नाही, म्हणून त्याची गणना 'डायरेक्ट'मध्ये होते. जणू त्याने पत्ता पाठ करून टंकला. शाळेच्या ग्रुपवर किंवा सोसायटीत दुवा टाकताना त्याला एक शेपटी जोडता येते. तिला यूटीएम म्हणतात. (यातला 'यू' अर्चिन नावाच्या कंपनीचा. २००५ साली गूगलने ही कंपनी घेतली आणि तिच्यातून अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं.) प्रत्येक ग्रुपला वेगळी शेपटी दिलीत की कुठून किती आले ते कळेल. आणि ज्यांनी तुमचा अख्खा मजकूर उचलून, नाव गाळून, ढकलपत्र करून फिरवला, ते कुठल्याच यंत्रात यायचे नाहीत. ते उघड्यावर कुठे पडलंय का हे बघायचं तर तुमचं एखादं खास तुमचंच वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. त्यावर उपाय थोडाच. लेखाच्या मध्यावर एखाद्या वाक्यात स्वतःचं किंवा ब्लॉगचं नाव गुंफा. तळातलं नाव पहिल्या ढकलण्यातच गळतं.

'आज ९२ होते, काल ११०' यावर मन लावणं मात्र सोडा. एक ढोबळ नियम सांगते. आकड्याचं वर्गमूळ काढा आणि त्याच्या दुपटीइतकी वरखाली हालचाल ही नुसती हवा समजा. शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणून ऐंशी ते एकशेवीसमध्ये काहीही दिसलं तरी काही घडलेलं नाही. महिन्याची तुलना मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करा, पण आपल्याकडे त्यातही मेख आहे. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. मानाच्या गणपतींवरचा तुमचा लेख ऑगस्टमध्ये एकदम चढला आणि सप्टेंबरमध्ये मागच्या वर्षापेक्षा घसरला, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात वाचकाचा दोष नाही, पंचांगाचा आहे. सणाच्या लेखांची तुलना तिथीने करा. आणि गावांच्या यादीत 'मुंबई' पुण्याच्या वर दिसली म्हणून मुंबईकरांसाठी लिहायला घेऊ नका. मोबाईलचं नेट पुण्यात बसलेल्या माणसालाही कधीकधी मुंबईत दाखवतं.

यजमानांचा पर्याय राहिला. मीटर काढून टाकणं चूक नाही. आकडा बघून लेखणी थांबत असेल तर तो आकडा महागात पडतोय, आणि नुकतंच लिहू लागलेल्यांना मी सांगते की पहिलं वर्षभर बघूच नका. पण तुमच्याकडे आठ-नऊ वर्षांचं लेखन आहे आणि तुटलेले जिने बरेच असणार. म्हणून मीटर राहू द्या, मोबाईलवरून मात्र काढा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहानंतर, संगणकावर अर्धा तास. उघडण्यापूर्वी वहीत एकच प्रश्न लिहा, 'चौथ्या भागाला दुवा जोडल्यावर फरक पडला का?' इतका नेमका. त्याचं उत्तर बघा आणि बंद करा. काय बदललं ते तारखेसह लिहून ठेवा: शीर्षक, दुवा, फोटो लहान केले, जे असेल ते. तुम्ही व्हाउचरांवर आयुष्य काढलंय, नोंद नसलेल्या व्यवहाराचं काय होतं ते मी काय सांगू! एका महिन्यात एकाच गोष्टीला हात लावा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि ज्या अनोळखी संकेतस्थळांवरून चाळीस-पन्नास जण आल्यासारखं दिसतं, त्या नावांवर टिचकी मारून बघायला जाऊ नका. ते वाचक नसतात, गिऱ्हाईक शोधणारे असतात.

फोटोंचं म्हणाल तर तिसऱ्या आणि चौथ्या भागातले फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवले आहेत. माझ्या मोबाईलवर ते उघडेपर्यंत मी दोनदा नाद सोडला. चढवण्याआधी आकार कमी करून घ्या.

पाचव्या भागाबद्दल एक विचारायचं आहे. वाड्यातल्या हौदावर लाकडी झाकण होतं आणि त्यावर बसून तुम्ही परवचा म्हणायचात, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्याच परिच्छेदात एकदम घरात नळ आलेला आहे. मधे काय झालं? हौद बुजवला की कोरडा पडला, आणि त्या झाकणाचं पुढे काय केलंत?